शून्य कुठल्या काठाला

कतारहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "दोह्यात काय काय पाहिलंत?" मी सांगते, एक पूल पाहिला. कुठल्या नदीवरचा, असं कोणी पुढे विचारलं की पंचाईत होते, कारण कतारमध्ये नदी नाही. मी नऊ दिवस जो पूल पाहिला तो इंडस्ट्रियल एरियातल्या एका यार्डात, सपाट काँक्रीटवर मांडलेला होता. मॉल, संग्रहालय, समुद्रकाठचा तो प्रसिद्ध रस्ता, यांतलं मी काहीही पाहिलेलं नाही. ज्यांना त्यांची वर्णनं हवी असतील त्यांनी हे पान खुशाल उलटावं, मी रागावणार नाही.

मी नाशिकची. सार्वजनिक बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पुलांवर, आणि कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. आता पुण्यातली एक तपासणी करणारी कंपनी मला अधूनमधून बोलावते. गेल्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी विचारलं, सीरियातल्या एका गावासाठी कतारमध्ये लोखंडी पूल तयार होतोय, तो जहाजावर चढण्यापूर्वी तपासून सही करायला जाल का? मुलगा म्हणाला, "आई, या वयात वाळवंटात कशाला कडमडतेस?" तो वाक्य संपवेपर्यंत माझी बॅग कपाटावरून खाली आली होती.

गावाचं आणि नदीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसाने तशी विनंती केली, आणि ती मला रास्त वाटली. गावातली भांडणं अजून ओली आहेत.

इंडस्ट्रियल एरिया

विमानतळावर मला न्यायला ग्लेन डिमेलो आला होता. ग्लेन वसईचा, अठरा वर्षं कतारमध्ये आहे आणि यार्डात क्वालिटीचं काम बघतो. "थोरात मॅडम, तुमी नाशिकच्या ना? म्हणजे आपण शेजारीच," असं म्हणून त्याने माझी बॅग उचलली. वसई आणि नाशिक शेजारी कधीपासून झाले हे मी विचारलं नाही. परदेशात एवढं अंतर कोणी मोजत नाही.

माझी पहिली फजिती बुटांनी केली. यार्डात लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज घातल्याशिवाय पाऊल टाकू देत नाहीत, आणि बाईच्या मापाचा एकही जोड तिथे नव्हता. शेवटी आठ नंबरचे बूट आणि आत मोज्यांचे तीन जोड अशी तडजोड झाली. नऊ दिवस मी बदकासारखी चालले. पहिल्या दिवशी लोक हसले, दुसऱ्या दिवसापासून मला वाट करून द्यायला लागले.

आमच्याकडे पुलाच्या कामावर मजूर कामाशेजारीच पाल ठोकून राहतात. चुली, पोरं, कोंबड्या, सगळं तिथेच. मी नदीकाठच्या पालात बसून पिठलं-भाकरी खाल्लेली आहे. इथे सकाळी कंपनीच्या बसेस येतात, माणसं उतरतात, संध्याकाळी त्याच बसेस त्यांना परत नेतात. कामाच्या जागी स्वयंपाकाचा वास नाही, हे मला तीन दिवस खटकत राहिलं. त्याची भरपाई दहा वाजताच्या करक चहाने होई. वेलची घालून आटवलेला, साखरेला हात न आखडता केलेला तो चहा आमच्या साइटवरच्या चहाचा सख्खा भाऊच म्हणायचा.

पूल म्हणजे पॅनलचा पूल. आपल्याकडे पुरात पूल वाहून गेला की लष्कराची माणसं जसा लोखंडी पूल दोन-चार दिवसांत जोडतात, त्या जातीचा, फक्त जास्त मजबूत. चौकटीला चौकट लावायची आणि भोकांतून पिन ठोकायची. माझं काम ती भोकं बघायचं. लोखंडावर जस्ताचा थर देताना तो भोकात गोठून बसतो आणि पिन जात नाही. यार्डात भोकं घासून घेता येतात, नदीवर गेल्यावर कपाळाला हात लावायची वेळ येते.

पहिल्याच दिवशी एक उंच, वाळका माणूस माझ्याआधी तेच काम करताना दिसला. तो प्रत्येक भोकात बोट घालून फिरवत होता. वय पंचावन्नच्या आसपास, कोट साधा, बाहीला ग्रीस लागलेलं. ग्लेन म्हणाला, "हे मुहंदिस मुनीर. यांचाच पूल आहे."

मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. अरब लोक तो शब्द नावाआधी लावतात, आपण डॉक्टर लावतो तसा. मला याचा हेवा वाटला. खात्यात मला बत्तीस वर्षं सगळे 'साहेब' म्हणत, आणि पाहुणेमंडळी 'ती पीडब्ल्यूडीत आहे' एवढ्यावर भागवत. मुनीरकडे सीरियातल्या यादवीनंतर त्या गावाच्या जिल्ह्याचे रस्ते, पूल, पाण्याच्या टाक्या, शाळांची छपरं असं सगळंच सोपवलेलं होतं. मी नमस्कार केला तर तो चक्क मराठीत म्हणाला, "बसा बाई. चहा घेणार?"

तो तीस वर्षांपूर्वी पुण्यात शिकला होता. मराठी एवढीच राहिली होती, पण उच्चार सदाशिव पेठेतल्या घरमालकिणीचे होते. बाकी सगळं आम्ही इंग्रजीत बोललो. मी त्याला सांगितलं की भोकं तपासायला माझ्याकडे मापाची सळई आहे. तो म्हणाला, "माझ्याकडेही आहे. पण बोटाला जे कळतं ते सळईला कळत नाही." मग मीही बोट घालून पाहिलं. चौथ्या पॅनलमध्ये जस्ताचा बारीक खडा लागला, जो सळईने सोडून दिला होता.

रंगाचा डबा

आता माझी चूक सांगते.

आमच्या खात्यात रस्त्याचं अंतर साखळीने मोजतात. खरी लोखंडी साखळी केव्हाच गेली, शब्द तेवढा राहिला. साखळीला शून्य लागतं, आणि ते कुठल्या टोकाला धरायचं हे मी बत्तीस वर्षांत एकदाही थांबून विचारलं नाही. कचेरी ज्या बाजूला, त्या बाजूला शून्य. तिसऱ्या दिवशी सगळा पूल यार्डात जोडून झाला तेव्हा मी ग्लेनला विचारलं, "यांची नगरपालिका कुठल्या काठावर आहे?" तो म्हणाला, पूर्वेच्या. मी लाल रंगाचा डबा मागवला. एका टोकाच्या पॅनलवर इंग्रजीत शून्य आणि 'ईस्ट' लिहिलं, दुसऱ्या टोकावर बाण काढून 'एंड, वेस्ट' लिहिलं. हातभर उंच अक्षरं, एकदम सुबक. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं आहे.

यार्डात त्या भागातले दोन-तीन वेल्डर होते. त्यांतल्या एकाने कौतुकाने पुलापुढे उभं राहून फोटो काढला आणि गावाकडे पाठवला. त्याच्या मागे माझा 'एंड' स्पष्ट दिसत होता.

दुपारच्या जेवणापर्यंत मुनीरचा फोन थांबेना. तो दूर जाऊन बोलत होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. मी विचारलं तर आधी म्हणाला, "काही नाही, बाई, खलास," म्हणजे सोडा तो विषय. मग माझ्याशेजारी पॅनलवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं.

गाव नदीच्या दोन्ही काठांवर आहे. नगरपालिका, दवाखाना, मोठी शाळा पूर्वेला. पश्चिमेकडे वीज उशिरा आली, नळ उशिरा आले. युद्धात दोन काठ दोन बाजूंना गेले. आता युद्ध थांबलंय, पण पश्चिमेकडच्या बायकांना बाळंतपणासाठी नावेतून पूर्वेला यावं लागतं. वसंतात बर्फ वितळून नदी फुगली की नाव बंद होते, आणि मग दीडशे किलोमीटरचा वळसा. पूल त्याआधी व्हायला हवा होता.

"असा पूल पाण्यात उभं राहून बांधत नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहे," तो म्हणाला. तुम्हा वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगते. तो एका बाजूला जोडतात, पुढे हलकं लोखंडी नाक लावतात, आणि रोलरवरून इंचाइंचाने ढकलत नाक पलीकडे टेकवतात. ज्या काठावरून ढकलायचा, तिथे क्रेन, तिथे तंबू, तिथे लोकांना काम. दुसऱ्या काठाने नुसतं बघत बसायचं.

"ड्रॉइंगमध्ये तो पूर्वेकडूनच ढकलायचाय. पश्चिमेच्या कमिटीला ते कळवलं होतं, ती गप्प होती. आज तुमच्या अक्षरांचा फोटो बघून ती म्हणते, पुन्हा आम्हीच शेवट. नाक आमच्या काठावर टेकू देणार नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, आत्ता पुसते. तो म्हणाला, "तुम्ही चूक नाही केलीत, बाई. जे होतं ते फक्त मोठ्या अक्षरात लिहिलंत."

जहाज सहा दिवसांनी निघणार होतं. पुलासाठी मदत देणाऱ्या संस्थेची अट होती की दोन्ही काठांची लेखी संमती हवी, नसेल तर पॅनल दुसऱ्या गावाला जातील. रांगेत अशी बरीच गावं होती.

"आणि आणखी एक आहे," तो म्हणाला. "जुना पूल कुठे तोडायचा ते मी दाखवलं होतं."

जुना पूल सात गाळ्यांचा, म्हणजे खांबांमधल्या सात तुकड्यांचा. युद्धाच्या दुसऱ्या वर्षी पूर्वेकडचे बंदूकवाले त्याच्या कचेरीत आले. पश्चिमेकडून कोणी येऊ नये म्हणून त्यांना पूल उडवायचा होता, आणि सुरुंग ते मधल्या खोल पाण्यातल्या खांबाला लावणार होते. तो खांब गेला असता तर दोन्हीकडचे गाळे कोसळले असते आणि पूल दहा वर्षं उभा राहिला नसता. मुनीरने त्यांना सांगितलं, खांब फार भक्कम आहे, वाया जाईल, तिसरा गाळा कमकुवत आहे, तो उडवा. खरं म्हणजे तिसऱ्या गाळ्याच्या दोन्ही बाजूंचे खांब खडकात रोवलेले होते. तो गाळा एकटा पडला, बाकी पूल तसाच राहिला. आता यार्डात पडलेला पूल त्या एका गाळ्याच्या मापाचा होता. पश्चिमेकडच्यांना मात्र एवढंच माहीत होतं की मुनीरने बोट दाखवलं.

मी त्याच्या जागी असते तर काय केलं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला. त्या रात्रीची झोप त्यातच गेली.

मदिनत अश शमाल

पश्चिमेच्या कमिटीने कतारमधला आपला माणूस नेमला होता. त्याला सगळे अबू वालिद म्हणत. उत्तरेला मदिनत अश शमालमध्ये त्याचं गाड्यांचं गॅरेज होतं. त्याची सही म्हणजे त्या काठाची सही. शुक्रवारी सुट्टी, म्हणून ग्लेनने आपली गाडी काढली. त्याची बायको शेरल नर्स आहे. तिने वाटेसाठी फुगे तळून दिले होते, वसईकडचे ते गोल, आतून पोकळ, किंचित गोडसर. मुनीरने एक खाल्ला आणि पुढचे चार न विचारता घेतले.

रस्ता सरळसोट. डोंगर नाही, चढ नाही, वळण नाही. डोळे कुठे टेकवावेत ते सह्याद्रीच्या माणसाला कळत नाही. मी आपली रस्त्याखालच्या मोऱ्या मोजत बसले. ग्लेन म्हणाला, "मॅडम, इथे पाऊस वर्षातनं दोनदा येतो. पण आला की सगळ्यांची धांदल उडवतो."

अबू वालिद साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. गॅरेजमागच्या खोलीत त्याने गालिच्यावर पान मांडलेलं होतं. आपल्याकडे आधी भांडतात आणि मिटलं तर चहा पितात. तिथे आधी जेवायचं, आणि जेवताना कामाचं अक्षर काढायचं नाही. छोटी अख्खी वांगी, पोटात अक्रोड, लसूण, लाल मिरची भरून ऑलिव्हच्या तेलात मुरवलेली. त्याला मक्दूस म्हणतात. आमच्या भरल्या वांग्यांचं लोणचं घातलं तर असं लागेल. मी तीन खाल्ली आणि मग लाज वाटून थांबले.

जेवण झाल्यावर तो अरबीत बोलू लागला. ग्लेन माझ्यासाठी हळू आवाजात मराठीत सांगत होता.

"मला एकच सांग, मुहंदिस," अबू वालिद म्हणाला. "तू दाखवलंस?"

"दाखवलं."

मुनीरने खांबांची, खडकाची हकिकत सांगितली. कुठेही आवाज चढवला नाही, कुठेही स्वतःची बाजू मांडल्यासारखं बोलला नाही. अबू वालिदने सगळं ऐकून घेतलं.

"मी गॅरेजवाला आहे," तो म्हणाला. "काय तोडलं तर गाडी भंगारात जाते आणि काय तोडलं तर दुरुस्त होते, हे मला कळतं. तू बरोबर केलंस, हेही कळतं. पण माझी आई त्या हिवाळ्यात छातीत दुखून गेली. दवाखाना तिच्या खिडकीतून दिसत होता. तिला मी काय समजावू?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ते शून्य आणि शेवट मी लिहिलं. यांनी नाही. आमच्या खात्यात तशी सवय आहे."

ग्लेनने ते सांगितल्यावर अबू वालिद माझ्याकडे वळला. "उख्ती," म्हणजे ताई, "तुमच्या जिल्ह्यात शून्य कुठे असतं?"

"कलेक्टर कचेरीकडे."

"आणि शेवटाकडे कोण राहतं?"

मला सुरगाण्याकडचे माझेच पूल आठवले. डोंगरातली पाडे-वस्ती, पावसाळ्यात डोलीतून आणलेल्या बाया. प्रत्येक पुलाचं शून्य मी तालुक्याकडे धरलं होतं, काम तालुक्याकडून सुरू केलं होतं, आणि पैसे संपले की जोडरस्ता त्यांच्याच बाजूचा अपुरा राहत असे. मी त्याला खरं ते सांगितलं. मला त्या खोलीत फार ओशाळल्यासारखं झालं, आणि अजूनही होतं.

तो म्हणाला, "पूल आमच्या बाजूने ढकला. मग सही करतो."

मुनीरने लगेच हो म्हटलं नाही, हे मला आवडलं. "तुमच्या बाजूचे चार जुने गाळे आधी तपासावे लागतील, त्यांच्यावरूनच तो पुढे न्यायचाय. सामान वळसा घालून आणावं लागेल. होईल. पण मग तीन महिने मला तिथे राहावं लागेल."

"तू नको. दुसरा कोणी पाठव."

"ढकलताना काही चुकलं तर माणसं मरतात. माझ्या हाताखालच्याला ते ओझं देणार नाही."

"तिथे तुझं नाव लोकांच्या लक्षात आहे, मुहंदिस."

"माहीत आहे."

अबू वालिदने चहाचे पेले भरले. "विचारून सांगतो," एवढंच म्हणाला. इन्शाल्लासुद्धा म्हणाला नाही. परतीच्या वाटेवर फुगे तसेच राहिले.

पुन्हा यार्ड

उत्तर यायची वाट बघत बसण्यापेक्षा आम्ही काम केलं. पश्चिमेकडून ढकलायचं तर सगळे आकडे उलटे करून पुन्हा मांडायला हवे होते. मुनीरकडे जुन्या गाळ्यांचे फोटो होते. गोळ्यांचे खड्डे, उघड्या पडलेल्या सळया, आणि प्रत्येकाशेजारी माप. दोन दिवस आम्ही दोघांनी वेगवेगळं गणित केलं आणि मग ताडून पाहिलं. वजन एका ठिकाणी फार येत होतं. तिथे आणखी रोलर घालून ते वाटून द्यावं लागलं, आणि त्या रोलरच्या चौकटी ग्लेनने यार्डातच करून घेतल्या. एशियन टाउनच्या बाजारातून मी रंग काढायचा पत्रा आणला, आणि मोज्यांचा चौथा जोडही. माझी सुबक अक्षरं मीच खरवडली. तासभर लागला. त्यांच्या जागी प्रत्येक पॅनलला फक्त क्रमांक घातला, दोन्ही टोकांकडून मध्यापर्यंत मोजलेला. मधल्या पॅनलवर दोन्हीकडून एकच आकडा येतो. खात्यात असं केलं असतं तर वरून लेखी खुलासा मागवला असता.

आठव्या दिवशी दुपारी यार्डात चाचणी होती. रोलरवर ठेवून पूल थोडा पुढे ढकलून बघायचा. फाटकातून अबू वालिद आला, सोबत त्याच्या काठचे पाच-सहा जण, इंडस्ट्रियल एरियातल्या वेगवेगळ्या कारखान्यांत काम करणारे. ग्लेनने सगळ्यांना हेल्मेट दिली. कोणी न सांगता त्यांनी पुलाला हात लावले. "यल्ला!" म्हणून मुनीरने खूण केली आणि एवढं लोखंड कुरकुर न करता हातभर पुढे सरकलं. मी नाकाचं टोक किती खाली झुकलं ते मोजलं. आमच्या गणितापेक्षा कमी होतं. मी माझी सही केली.

अबू वालिदने कागद मागितला. दोन्ही काठांसाठी जागा होती, पूर्वेची सही आधीच आलेली होती. त्याने पेन उघडलं आणि तसंच हातात धरून मुनीरशी बोलू लागला. ग्लेन माझ्या कानाशी आला.

"विचारतो, तिथे तुमी राहणार कुठे."

मुनीर म्हणाला, "शाळेत. नाहीतर तंबूत."

"शाळेत छप्पर नाही," अबू वालिद म्हणाला. "माझ्या आईची खोली रिकामी आहे. भाऊ शेजारच्या घरात असतो. तू भावाचा पाहुणा आहेस म्हटल्यावर तुला कोणी काही करणार नाही. खिडकी नदीकडे आहे, तुला काम दिसेल."

मुनीर काहीतरी पुटपुटला. ते ग्लेनला समजलं नाही, किंवा त्याने मला सांगितलं नाही.

अबू वालिदने सही केली. मग पेनाचं टोपण लावत म्हणाला, "एक अट आहे. पूल लागला की गाडी जायच्या आधी तू आणि माझा भाऊ चालत जायचं. आईच्या दारापासून दवाखान्याच्या दारापर्यंत. किती मिनिटं लागतात ते मला फोन करून सांगायचं."

"चौदा," मुनीर म्हणाला. "म्हातारं माणूस सोबत असेल तर बावीस."

त्याने ते कधी आणि किती वेळा मोजलं असेल, कोण जाणे. अबू वालिदने पेन खिशात ठेवलं.

"तरी चालायचं," तो म्हणाला.